बहिष्कार आणि ओस पडलेल्या पायऱ्या : मँचेस्टर युनायटेड, १९३०-३१

१/
संघ हरतो, व्यवस्थापक बदलत नाही, संचालक दाद देत नाहीत आणि चाहते चिडतात. फुटबॉलमधील हा संताप आजच्या पिढीचा वाटत असला तरी तो जुना आहे. १९३० च्या शरद ऋतूत मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांनी आपल्याच क्लबवर बहिष्कार पुकारला होता. तो का पुकारला, कसा फसला आणि फसूनही शेवटी काय घडले, याचा हा धागा.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. १८७८ मध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी ‘न्यूटन हीथ’ नावाचा संघ काढला. १९०२ मध्ये तो दिवाळखोरीत निघाला. बिअर उद्योगात धन मिळवलेले जॉन हेन्री डेव्हिस यांनी कर्ज फेडून त्याला वाचवले आणि त्याच वर्षी ‘मँचेस्टर युनायटेड’ हे नाव आले.

३/
पुढची दहा वर्षे वैभवाची होती. १९०८ आणि १९११ मध्ये लीगचे विजेतेपद, १९०९ मध्ये एफए कप, १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डचे भव्य मैदान. हे सारे मुख्यतः एका माणसाच्या पैशावर उभे होते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ऑक्टोबर १९२७ मध्ये डेव्हिस निवर्तले. घरातला कर्ता गेला आणि मागे मोठे मैदान, जुने कर्ज व रिकामी तिजोरी एवढेच उरले.

४/
याच सुमारास व्यवस्थापनाची घडीही विसकटली. ऑक्टोबर १९२६ मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यवस्थापक जॉन चॅपमन यांना निलंबित केले. काही महिने लॅल हिल्डिच या खेळाडूनेच व्यवस्थापकाचे काम पाहिले. १९२७ मध्ये हर्बर्ट बॅम्लेट आले. ते पूर्वाश्रमीचे नामांकित पंच होते. १९१४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात शिट्टी त्यांच्याच हाती होती.

५/
बॅम्लेट यांचा युनायटेडशी एक जुना ऋणानुबंधही होता. १९०९ च्या एफए कपमध्ये बर्नलीविरुद्ध युनायटेड ०-१ ने मागे होते. १८ मिनिटे उरली असता हिमवर्षावामुळे पंचांनी सामना थांबवला. फेरसामना युनायटेडने ३-२ असा जिंकला आणि पुढे कपही पटकावला. ते पंच म्हणजे बॅम्लेट. त्या दिवशी युनायटेडचे कर्णधार होते चार्ली रॉबर्ट्स. हे नाव लक्षात ठेवा. एकवीस वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

६/
आता १९३०-३१ चा मोसम. ३० ऑगस्टला घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून ३-४. मग मिडल्सब्रोकडून १-३, चेल्सीकडून २-६, हडर्सफील्डकडून ०-६, न्यूकॅसलकडून ४-७. मोसमाच्या पहिल्या पंधरवड्यातच पाच सामने, पाच पराभव आणि पदरात पडलेले २६ गोल.

७/
घसरण तिथे थांबली नाही. ४ ऑक्टोबरला शहरातल्याच मँचेस्टर सिटीने ४-१ ने हरवले, तर त्यानंतरच्या आठवड्यात वेस्ट हॅमने ५-१ ने. लीगचे पहिले बाराच्या बारा सामने युनायटेडने गमावले. त्या बारा सामन्यांत १४ गोल केले आणि ४९ खाल्ले. पहिला विजय मिळाला तो थेट १ नोव्हेंबरला, बर्मिंगहॅमविरुद्ध.

८/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला होता आणि साऱ्या इंग्लंडभर गोलांचा पाऊस पडत होता. याच मोसमात विजेत्या आर्सेनलने १२७ गोल केले, तर उपविजेत्या व्हिलाने १२८. ब्लॅकपूलने युनायटेडपेक्षाही जास्त, म्हणजे १२५ गोल खाल्ले आणि तरीही ते पहिल्या विभागात टिकले. तेव्हा केवळ गोलांची संख्या पाहून निवाडा देऊ नये.

९/
मग पाठीराख्यांचा राग कशावर होता? तो पराभवापेक्षा पराभवानंतरच्या स्वस्थतेवर होता. नियम बदलल्यावर आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या खेळाडूला मागे खेचून बचावाची नवी रचना बसवली आणि खेळाडूंवर पैसाही ओतला. युनायटेडच्या संचालकांकडे ना पैसा होता, ना योजना. पडझड दिसत असताना काहीच न करणे हेच मुख्य आरोपपत्र होते.

१०/
जॉर्ज ग्रीनहॉफ हे पाठीराख्यांच्या संघटनेचे चिटणीस. त्यांच्या पुढाकाराने पत्रके छापून वाटली गेली. मागण्या पाच होत्या : नवा व्यवस्थापक, नवे खेळाडू हेरण्याची सुधारलेली व्यवस्था, नव्या खेळाडूंची खरेदी, संचालक मंडळावर पाच नवे भागधारक आणि नवे भाग विकून भांडवलाची उभारणी.

११/
या यादीकडे बारकाईने पाहा. ‘अमुक खेळाडूला हाकला’ असे त्यात कुठेही नाही. पहिल्या तीन मागण्या खेळाविषयी आहेत, पण शेवटच्या दोन सत्तेविषयी आणि पैशाविषयी. दोष मैदानावर दिसतो, त्याचे मूळ मात्र बैठकीच्या खोलीत असते, हे या माणसांनी अचूक ओळखले होते. संतापाला एवढे नेमके रूप देणे सोपे नसते.

१२/
खेळाडूंना वगळण्यामागे न्यायही होता. त्या काळी खेळाडूचे वेतन मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड, असे बंधन होते. करार संपला तरी क्लबच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. चाहता जसा क्लबला बांधलेला, तसाच खेळाडूही. फरक एवढाच की चाहत्याला भावनेने बांधले होते आणि खेळाडूला नियमाने.

१३/
संचालकांनी मागण्यांना दाद दिली नाही. तेव्हा १७ ऑक्टोबर १९३० च्या रात्री ह्यूम टाउन हॉलमध्ये सभा भरली. हजारोंची गर्दी होती. दुसऱ्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनल येणार होते. त्या सामन्यावर बहिष्कार टाकावा, असा ठराव सभेपुढे होता.

१४/
आणि येथे ते जुने नाव परत येते. चार्ली रॉबर्ट्स बहिष्काराच्या विरोधात बोलायला उभे राहिले. हा संचालकांचा हस्तक नव्हता. १९०७ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्यात ते अग्रभागी होते आणि तिच्यासाठी त्यांनी फुटबॉलच्या सत्ताधाऱ्यांशी टक्कर घेतली होती. असा माणूस म्हणत होता की खेळाडूंना एकटे पाडू नका. सभेने त्यांचे ऐकून घेतले, पण ठराव मात्र बहिष्काराच्या बाजूने झाला.

१५/
दुसऱ्या दिवशी काय झाले? मैदानावर २३,४०६ प्रेक्षक हजर होते. महिन्याभरापूर्वी न्यूकॅसलविरुद्ध आले होते अवघे १०,९०७. म्हणजे बहिष्काराच्या दिवशी गर्दी दुपटीहून अधिक! आर्सेनलचे आकर्षण, सभेचा गाजावाजा आणि ‘आज काय होते ते पाहू’ ही उत्सुकता या साऱ्यांनी मिळून बहिष्कार बुडवला. युनायटेड १-२ ने हरले, ते वेगळेच.

१६/
‘बहिष्कार’ हा शब्द त्या वर्षी मँचेस्टरला दुसऱ्या कारणानेही परिचित होता. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत भारतात विदेशी कापडावर बहिष्कार चालू होता आणि त्याचा एक रोख लँकेशायरच्या मालावर होता. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राण दिले. ते पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचे.

१७/
या दोन घटनांची तुलना बरोबरीची नाही. एकीकडे स्वातंत्र्याचा लढा, दुसरीकडे खेळ. तरी बहिष्काराचे शस्त्र कसे चालते, हे समजण्यासाठी दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. विदेशी कापड नाकारणाऱ्याला खादी होती, देशी गिरणीचे कापड होते. त्याग मोठा होता, पण पर्याय होता. युनायटेडच्या पाठीराख्याला पर्याय कोणता? शहरात सिटीचा संघ होता, पण आपला संघ सोडून सिटीच्या मैदानावर जाऊन टाळ्या वाजवायच्या, ही कल्पनाच त्याला असह्य. दुकान बदलता येते, कुलदैवत बदलता येत नाही.

१८/
संचालकांची खरी ढाल हीच होती. गिऱ्हाईक जाणार नाही, अशी खात्री असलेला दुकानदार माल सुधारत नाही. पाठीराख्याची निष्ठा हे क्लबचे सर्वांत मोठे भांडवल आणि पाठीराख्याचे सर्वांत मोठे दौर्बल्य. संघाला शिक्षा करायची तर स्वतःलाच उपाशी ठेवावे लागते.

१९/
पण कथा येथे संपत नाही. जाहीर बहिष्कार फसला, तरी न पुकारलेला बहिष्कार हळूहळू सुरू झाला होता. तो कोणी पत्रके वाटून सांगितला नाही. काळही बिकट होता. जागतिक मंदीने लँकेशायरचा कापडधंदा खिळखिळा केला होता आणि १९३० च्या अखेरीस ब्रिटनमधील बेकारांची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. शनिवारी खिशातले नाणे बाहेर काढण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करू लागला, आणि पुष्कळदा ते खिशातच राहू लागले.

२०/
एप्रिल १९३१ मध्ये बॅम्लेट गेले. २ मे रोजी मोसमातला शेवटचा सामना मिडल्सब्रोविरुद्ध ४-४ असा बरोबरीत सुटला. तो पाहायला होते ३,९६९ लोक. याच मैदानावर डिसेंबर १९२० मध्ये ७०,५०४ प्रेक्षक दाटले होते. ४२ सामने, ७ विजय, २७ पराभव, ११५ गोल विरुद्ध, २२ गुण, तळाचे स्थान आणि दुसऱ्या विभागात रवानगी. घोषणांना जे जमले नाही, ते रिकाम्या पायऱ्यांनी केले : तिजोरी कोरडी पाडली.

२१/
पुढच्या मोसमातील पहिल्या घरच्या सामन्याला आले ३,५०७. डिसेंबर १९३१ मध्ये ख्रिसमसच्या तोंडावर बँकेने हात आखडला आणि खेळाडूंचे वेतन थकण्याची वेळ आली. तेव्हा लष्करी गणवेश बनवणारे व्यापारी जेम्स गिब्सन पुढे आले. त्यांनी प्रथम २,००० पौंड दिले. जानेवारी १९३२ मध्ये ते अध्यक्ष झाले. जुने संचालक दूर झाले.

२२/
येथे इतिहासातील एक कडवट विसंगती दिसते. पाठीराख्यांनी मागितला होता कारभारात वाटा. मिळाला एक नवा, सज्जन धनी. १९०२ मध्ये डेव्हिस आले, तसेच १९३२ मध्ये गिब्सन. व्यक्ती बदलल्या, रचना तीच राहिली. एका माणसाच्या औदार्यावर चालणारी संस्था त्या माणसानंतर काय करते, हा १९२७ चा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

२३/
सुधारणाही लगेच झाली नाही. ५ मे १९३४ रोजी मिलवॉलच्या मैदानावर शेवटच्या सामन्यात हरले असते, तर युनायटेड थेट तिसऱ्या विभागात गेले असते. ते २-० ने जिंकले आणि एका गुणाने वाचले. १९३८ मध्ये क्लबने तरुण खेळाडू घडवण्यासाठी ज्युनियर ॲथलेटिक क्लब काढला. नवे खेळाडू हेरण्याची व्यवस्था सुधारा, ही त्या जुन्या पत्रकातली मागणी आठवते ना? ती अशी, आठ वर्षांनी, वेगळ्या रूपात फळाला आली. १९४५ मध्ये मॅट बस्बी आले, तेव्हा हा पाया तयार होता.

२४/
जुने प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा वर येतात. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतल्यावर काही चाहत्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा सभासदांच्या मालकीचा नवा क्लबच काढला. पर्याय नसेल तर तो निर्माण करावा, हे त्यांचे उत्तर. २०१० मध्ये स्टेडियममध्ये न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर झळकले. २०२१ मध्ये चाहते थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तारीख होती २ मे. ३,९६९ प्रेक्षकांच्या त्या सामन्याला त्याच दिवशी नव्वद वर्षे झाली होती.

२५/
या साऱ्यातून काय घ्यावे? ह्यूमच्या सभेला अपयशी म्हणणे सोपे आहे, कारण दुसऱ्या दिवशीचा आकडा समोर आहे. पण त्या माणसांचे निदान बरोबर होते. चुकले ते शस्त्र. एका दिवसाचा बहिष्कार उत्सुकतेपुढे टिकत नाही. सत्ताधाऱ्याला जाग येते ती दीर्घकाळच्या शांत अनुपस्थितीने. मात्र ती अनुपस्थिती आवडत्या गोष्टीलाही मरणाच्या दारी नेते. आरडाओरडा करणारा चाहता अजून आपला असतो. संस्थेने भ्यावे ते त्याला नव्हे, तर मुकाट्याने घरी बसलेल्याला. ओल्ड ट्रॅफर्डच्या संचालकांना हा फरक कळेपर्यंत बँकेने दार लावून घेतले होते.