इर्कुत्स्कचा वाघ

रशियातील नगरांची मानचिन्हे ही बहुतांशी राजाज्ञेची अपत्ये होत. यारोस्लाव्हलचे परशुधारी अस्वल यांसारखी काही चिन्हे जुनी खरी. परंतु या क्षेत्राला शिस्त लावली ती पीटर बादशहाने. १७२२ मध्ये त्याने मानचिन्हांचे स्वतंत्र कार्यालय स्थापिले आणि मूळच्या इटलीतील काउंट सांती याजकडे नगरचिन्हे रचण्याचे काम सोपविले. १७२७ मध्ये सांतीचीच सैबेरियात हद्दपारी झाली, आणि काम अर्धवट राहिले. पुढे १७८५ च्या सनदेने दुसऱ्या कॅथरीनने प्रत्येक नगराला चिन्ह आवश्यक ठरविले. मग चिन्हांचा पूरच लोटला. त्यांतील पुष्कळशी, खरे सांगावयाचे तर, कचेरीत बसून जुळविलेली वाटतात.

सैबेरियातील इर्कुत्स्कचे चिन्ह मात्र त्या मातीतले. १७९० मध्ये मिळालेल्या त्या चिन्हात तोंडात सेबल धरून धावणारा वाघ होता. सेबलची मऊ, मोलाची कातडी ही त्या प्रांताची दौलत. वाघाला तिकडे ‘बाब्र’ म्हणत. फारशीतही वाघाला हाच शब्द आहे. दूरच्या राजधानीतील कारकुनांना तो अपरिचित. त्यांनी तो ‘बोब्र’ समजला, आणि बोब्र म्हणजे बीव्हर, झाडे कुरतडणारा, पाण्यात राहणारा प्राणी! तो बिचारा सेबल कशाला पकडील? तरीही १८७८ मध्ये इर्कुत्स्क प्रांताचे चिन्ह मंजूर झाले, तेव्हा त्यातील काळ्या श्वापदाला बीव्हरची जाड शेपटी आणि पडदा असलेले पंजे मिळाले.

सोव्हिएत काळात ही चिन्हे अडगळीत गेली. ती राजवट १९९१ मध्ये संपल्यावर इर्कुत्स्कने आपले चिन्ह परत घेतले. वाघ मात्र परत आणला नाही. २०१२ मध्ये नगरात पुतळा उभारला गेला, तोही या कोणत्याच अरण्यात नसलेल्या प्राण्याचा.