बोलीला अक्षरे मिळाली

कोरियन भाषेत आपल्या मराठीसारखेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि मानपान त्याच्या प्रत्ययात असतो. 'गा' म्हणजे जाणे. आज तिकडे दोस्ताशी नुसते 'गा', परक्या माणसाशी 'गायो', तर सभेत 'गाम्निदा' म्हणतात.

पूर्वी लिहिण्यास चिनी अक्षरे होती. त्यांत असले प्रत्यय धड मावत नसत. शिकायला वर्षे लागत, म्हणून कष्टकरी निरक्षरच राहिला. सेजोंग राजाने १४४३ साली २८ सोपी अक्षरे घडविली. १४४४ साली दरबारी पंडितांनी विरोध केला. राजा हटला नाही. १४४६ साली अक्षरे जाहीर झाली. १४४७ साली त्याच अक्षरांत भगवान बुद्धांचे चरित्र तयार झाले.

रोजच्या बोलीत बुद्ध वाचता येणे म्हणजे काय, हे आम्हा गिरणी कामगारांना वेगळे सांगावे लागत नाही.