‘हॅड’ची वंशावळ

‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे वाक्य इंग्रजीत करायला दिलं, की मराठी माध्यमातल्या निम्म्या वह्या सांगतात: ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे.’ बाई ‘हॅड गॉन’ खोडून वर ‘वेंट’ लिहितात आणि गुण कापतात. मला त्या मुलांचं वाईट वाटतं. ‘होतो म्हणजे हॅड’ हे त्यांना आपणच शिकवलेलं असतं.

या ‘हॅड’चं मूळ लॅटिनच्या तक्त्यात आहे. लॅटिनमध्ये ‘मी प्रेम केले होते’ एवढं सगळं ‘अमावेरम्’ या एका शब्दात मावतं. विल्यम बुलोकरने 1586 मध्ये इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर शाळांतून चालणारं लिलीचं लॅटिन व्याकरण होतं. ‘अमावेरम्’सारखा एकशब्दी काळ इंग्रजीत नाही. मग तो रकाना ‘हॅड’ जोडून भरायचा. जॉन वॉलिसने 1653 मध्ये स्पष्ट लिहिलं, की रूपं पाहिली तर इंग्रजी क्रियापदाला काळ दोनच, वर्तमान आणि भूत. शाळांनी ते मनावर घेतलं नाही. 1795 मध्ये लिंडली मरेने यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं, त्यात काळ सहा. सरळसाध्या ‘आय लव्ह्‌ड’ला त्याने नाव दिलं ‘इम्परफेक्ट’, म्हणजे अपूर्ण! क्रिया तर पुरी झालेली. नाव लॅटिनच्या रकान्याचं, इतकंच.

आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये आलं, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. पुढे तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ‘होता’ समोर ‘हॅड’ घट्ट बसला तो असा.

पण मराठी ‘होतो’चं काम वेगळं आहे. ‘काल दिसला नाहीस?’ ‘पुण्याला गेलो होतो.’ यात जाऊन परत आल्याचंही सांगून झालं, विषय मिटला. नुसतं ‘काल पुण्याला गेलो’ म्हटलं, की ऐकणारा पुढच्या गोष्टीसाठी कान टवकारतो: ‘...तर घाटात गाडी बंद पडली.’ इंग्रजीत या दोन्ही जागी ‘वेंट’च लागतो. ‘हॅड’ला मात्र टेकायला भूतकाळातलीच दुसरी घटना हवी. डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता, हे वर्गावर्गांतून घोकलेलं वाक्य त्यासाठीच आहे. ते पाठ होतं. डॉक्टर तिथे का आणलाय, हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना एक विनंती. वहीत ‘हॅड’ दिसला की लगेच लाल रेघ मारू नका. मुलाला आधी विचारा, ‘कशाच्या आधी?’ त्याला उत्तर देता आलं तर ‘हॅड’ राहू द्या. नाही आलं, तर तो स्वतःच खोडून ‘वेंट’ लिहील.