जुन्या विंडोजवर नवं पायथन का चालत नाही? आणि मग करायचं काय?

कोडिंग शिकायचं ठरलं. घरात दादाचा जुना लॅपटॉप पडून होता, तो पुसून चार्जरला लावला. विंडोज ७ झोकात सुरू झालं. पायथनच्या साईटवर जाऊन पिवळं बटण दाबलं, फाईल उतरली, डबल क्लिक केलं आणि इन्स्टॉलरने सरळ नकार दिला. मग मित्राच्या लॅपटॉपवरून पायथनचं अख्खं फोल्डर कॉपी करून आणलं. आता मेसेज आला की 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' नावाने सुरू होणारी एक डीएलएल फाईल सापडत नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. त्या फाईलचं नाव गुगल करतात, फुकट डीएलएल देणारी एखादी साईट उघडतात आणि फाईल डाउनलोड करून थेट सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकतात. हे करू नका. का, ते समजून घ्यायला आधी एरर का येतो ते बघू.

नेमकी अडचण काय आहे?

कोणताही प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. फाईल उघडणं, मेमरी मागणं, नेटवर्कवर बोलणं, ही कामं तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून करून घेतो. प्रत्येक कामासाठी सिस्टीममध्ये एक ठरलेलं फंक्शन असतं.

सरकारी ऑफिससारखंच समजा. नव्या फॉर्मवर छापलंय, 'खिडकी क्रमांक ७ वर जमा करा'. पण तुमच्या गावच्या ऑफिसात खिडक्याच पाच आहेत. फॉर्म बरोबर आहे, तुम्हीही बरोबर आहात, पण खिडकीच नाही.

पायथनचंही असंच झालं. ३.९ व्हर्जनपासून ते फोल्डरचे पत्ते हाताळायला विंडोज ८ मध्ये आलेली फंक्शन्स वापरतं. विंडोज ७ मध्ये ती नाहीत. एररमध्ये दिसणारं डीएलएलचं नाव ही नुसती पाटी आहे, खरं काम विंडोजच्या आत दुसरीकडे होतं. त्यामुळे अनोळखी साईटवरून आणलेली फाईल एकतर निरुपयोगी असते, नाहीतर त्यात कुणी काय भरलंय हे तुम्हाला कळत नाही. आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने सिस्टीमच्या गाभ्यात ठेवत असता.

कंपन्या जुन्या सिस्टीमचा सपोर्ट का काढतात?

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला. त्यानंतर टूल बनवणाऱ्यांना प्रत्येक बदल जुन्या सिस्टीमवरही तपासत बसणं परवडत नाही.

शिवाय टूल्स एकमेकांवर उभी असतात. व्हीएस कोड हा एडिटर इलेक्ट्रॉनवर बनलाय आणि इलेक्ट्रॉन क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मूळ कोडवर. क्रोमने १०९ नंतर विंडोज ७ आणि ८.१ सोडलं, पाठोपाठ इलेक्ट्रॉनने २३ पासून सोडलं. तळातली वीट निघाली की वरच्यांना तिथे थांबता येत नाही.

विंडोज ७ वर शेवटचं कोणतं व्हर्जन?

- पायथन: ३.८.१०. ३.८ मालिकेत पुढेही व्हर्जन्स आली, पण विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर इथपर्यंतच आहे. विंडोजचं सर्व्हिस पॅक १ आणि अपडेट्स टाकलेली हवीत.
- व्हीएस कोड: १.७०.३. विंडोज ८ आणि ८.१ असेल तर १.७९.
- नोड जेएस: १३ मालिका. १४ पासून विंडोज ८.१ लागतं.
- गो: १.२०.
- रस्ट: १.७७.

ही व्हर्जन्स त्या त्या टूलच्या अधिकृत साईटवरूनच घ्या. होमपेजवरचं मोठं बटण नेहमी नवं व्हर्जन देतं, म्हणून जुन्या रिलीजच्या पानावर जावं लागतं.

पायथन ३.८ वर लायब्ररीही जुन्याच मिळतील. नमपाय १.२४ आणि पांडाज २.० पर्यंतच. पिप तुमचं पायथन बघून जुळणारं व्हर्जन स्वतः निवडतो. व्हेरिएबल, लूप, फंक्शन, क्लास शिकायला एवढं भरपूर आहे. पण ३.८ ची सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. शिकायला चालेल, लोकांसाठी वेबसाईट चालवायला नाही.

नियम मोडून चालवता येत नाही का?

कधी कधी येतं. नोड जेएसमध्ये सिस्टीमची तपासणी वगळायची अधिकृत सोयच आहे. पण त्याने फक्त दारावरचा वॉचमन बाजूला होतो, आतली नसलेली खिडकी तयार होत नाही. प्रोग्राम सुरू होईल आणि मध्येच भलत्या ठिकाणी पडेल. नवशिक्याला मग कळत नाही की चूक आपल्या कोडची की सिस्टीमची. शिकताना यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

लिनक्सवाल्यांचं काय?

त्यांचीही सुटका नाही. तिथे जवळपास प्रत्येक प्रोग्राम जीलिबसी नावाच्या लायब्ररीवर चालतो. जानेवारी २०२४ च्या व्हीएस कोड १.८६ ने रिमोट सर्व्हरसाठी जीलिबसी २.२८ मागायला सुरुवात केली. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे आणि सेंटओएस ७ मध्ये २.१७. अपडेट झालं आणि अनेकांना आपल्याच सर्व्हरला जोडता येईना. तक्रारी वाढल्यावर १.८६.१ मध्ये काही काळासाठी सूट द्यावी लागली.

अशा वेळी जीलिबसी हाताने बदलू नका. अख्खी सिस्टीम तिच्यावर उभी असते, साध्या कमांडही बंद पडू शकतात. डॉकरसारखा कंटेनर वापरा. तो स्वतःची जीलिबसी सोबत आणतो आणि मूळ सिस्टीमचं फक्त कर्नल वापरतो.

मग जुन्या लॅपटॉपचं करायचं काय?

फक्त बेसिक शिकायचं असेल तर वरच्या यादीतली व्हर्जन्स टाका आणि कामाला लागा. पण त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

नवी टूल्सच हवी असतील तर हार्डवेअर तेच ठेवून सिस्टीम बदला. प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून बघता येते. वायफाय, कीबोर्ड, आवाज ठीक आहे का बघा, फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या, मगच इन्स्टॉल करा. खर्च शून्य.

मशीन ३२ बिटचं असेल तर पर्याय कमी उरतात. डेबियन १२ मध्ये ३२ बिट इन्स्टॉलर आहे, १३ मध्ये तो काढला गेला.

आणि तुमच्याकडे विंडोज १० असेल तर हे दुसऱ्याचं दुखणं समजू नका. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वर नावं घेतलेली टूल्स अजून त्यावर चालतात, पण विंडोज ७ वरही सपोर्ट संपल्यावर ती काही काळ चाललीच होती. त्यामुळे पुढचं टूल टाकण्याआधी डाउनलोड पानावरची 'सिस्टीम रिक्वायरमेंट्स' ही ओळ वाचायची सवय लावा.