पहिल्या पाळीचा पेहराव

गावाचा इतिहास म्हटला की लोक सातबारा काढतात, नाहीतर देवळाच्या जीर्णोद्धाराचं साल सांगतात. आमच्या निघोज्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. थंडीच्या दिवसांत पहाटे सायकलवर टांग मारणाऱ्या माणसाच्या अंगावर काय होतं, तिथं. घोंगडी कधी उतरली, स्वेटर कधी चढला, तो कशाच्या पैशातून आला, हे बघत गेलं की शेतकऱ्याचा कामगार कसा झाला ते आपोआप कळतं.

गाव खेड तालुक्यातलं, इंद्रायणीच्या काठचं. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. आळंदीची कार्तिकी पार पडली की आमच्याकडं थंडीला सुरुवात झाली असं धरायचं. मार्गशीर्षात दहिवर पडायला लागतं आणि पौषात कडाका. नदीकाठचा गारठा गावठाणापेक्षा वेगळा. रात्री थंड झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी सखल भागाकडं उतरून बसते. त्यामुळं घरापुढं शेकोटीजवळ उभं राहून आजची थंडी जोखायची नाही, नदीकाठी किती असेल ते धरून कपडे घालायचे, असं जुनी माणसं सांगायची. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान नोंदलं गेलं. तो पुण्याचा नीचांक अजून मोडलेला नाही. एवढी थंडी रोज नसते; पण आठ-दहा अंशांत सायकल मारणं काय असतं ते मारणाऱ्यालाच ठाऊक.

शेतकऱ्याचं थंडीतलं कापड म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरांनी कातरलेली, सनगरांनी विणलेली, वर चिंचोक्याची खळ दिलेली. रात्री उसाला पाणी द्यायला जाताना डोक्यावरून तिची खोळ घेतली की वारं आत शिरत नाही, दव झिरपत नाही. हरभऱ्याच्या राखणीला तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. पण घोंगडी ही बसल्या आणि चालत्या माणसाची. सायकलवर ती चालत नाही. पाय मारताना टोक चेनीत अडकतं, हात मोकळे राहत नाहीत, आणि चढ आला की आत घामाच्या धारा. म्हणून सायकल दारात आली तशी घोंगडी वळणीवर गेली.

सायकल दारात आली ती कारखान्यांमुळं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा, पण आमच्या भागातली फार थोडी माणसं तिथवर पोचलेली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली आणि पेनिसिलिन हा शब्द आमच्या चावडीवर आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी असं एकामागून एक माळरान शेडखाली गेलं. टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपं आली. एसटी होती, पण पहिली पाळी गाठून देईल अशी नव्हती. म्हणून सायकल. निघोज्यातून कुरुळी, तिथं नाशिक रस्त्याला लागायचं, इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशी आणि पुढं भोसरी. सातच्या भोंग्याला आत असायचं तर पाच-सव्वापाचला घर सोडावं लागे.

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, या पहिल्या पिढीतले. त्यांचा हिवाळ्यातला पेहराव मला अजून पाठ आहे. आत सुती बंडी. तिच्यावर जुन्या लुगड्याचे थर टाकून आजीनं गोधडीसारखी टाके घातलेली बिनबाह्यांची कोपरी. तिच्यावर सदरा. सदऱ्याच्या आणि कोपरीच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राची चौघडी. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, त्याची टोकं छातीवर उलटसुलट घेऊन आत खोचलेली. हातमोजे कुठले? पायमोज्यांची जुनी जोडी हातात. पँटीचे पाय चेनीत जाऊ नयेत म्हणून क्लिपा, क्लिपा नसल्या तर सुतळी. ओठांना आणि पायांच्या भेगांना करडईचं तेल, कारण खोबरेल बाटलीत दगड झालेलं. आणि चुलीवरून उतरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधलेल्या. मोशीपर्यंत त्या ऊब द्यायच्या, दुपारी पोट भरायच्या.

दहावी होऊन मी भोसरीच्या एका वर्कशॉपात हेल्पर लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मी घरात होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवले. नानांनी दारातच अडवलं.

"काढ त्यातलं एक."

"नाना, बाहेर काय गारठा आहे!"

"म्हणूनच काढ. घरातून निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. इथंच ऊब वाटली तर पूल चढून जाईस्तोवर भिजशील, आणि भिजलेलं कापड तुला दिवसभर खाईल."

त्यात सगळं शास्त्र आलं. सायकल मारणारं शरीर म्हणजे पेटती चूल. ऊब तीच तयार करते. कापडानं ऊब द्यायची नसते, वाऱ्याला आत येऊ द्यायचं नसतं आणि घामाला बाहेर जाऊ द्यायचं असतं. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे बरे, कारण दोन कापडांमध्ये कोंडलेली हवा उबदार राहते, आणि चढाला एक गुंडी सोडायची सोय असते. कागदाचंही तेच. कागद काही गरम नसतो, पण वारं अडवतो, घाम थोडा टिपतो आणि ओला झाला की फेकून देता येतो. फ्रान्सची ती मोठी सायकल शर्यत १९०३ पासून चालते. तिच्यातले गडी घाट चढून वर आले की उताराला लागायच्या आधी सदऱ्यात वर्तमानपत्र खुपसत, असं पुढं वाचनात आलं. मला गंमत वाटली. नानांनी फ्रान्स ऐकलाही नव्हता, पण उताराचं वारं दोघांनाही सारखंच लागत होतं.

वारं थंडी किती वाढवतं याचा हिशोब पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकन माणसांनी अंटार्क्टिकाच्या बर्फात प्रयोग करून मांडला, तो १९४५ साली छापून आला. आज वेधशाळा त्याचं सुधारलेलं गणित वापरतात. त्या गणितानं १० अंशांत ताशी २० किलोमीटरनं सायकल मारली तर उघड्या कातडीला ७ अंशांसारखं लागतं, आणि ५ अंश असतील तर १ अंशासारखं. समोरून वारं असेल तर आणखी. सगळ्यात आधी बोटं जातात. ती पोलादी ब्रेकवर आणि वाऱ्यात उघडी असतात आणि पाय मारण्याचं काम त्यांना नसतं. बोटं बधिर झाली की ब्रेक लागत नाही, घंटी वाजत नाही. म्हणून हातातले पायमोजे हसण्यावारी न्यायचे नाहीत.

दूधवाल्यांचं आणखी निराळं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकलेल्या. त्यांचा गार पत्रा पोटरीला घासायचा, म्हणून ते पोटऱ्यांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळत. लांबून बघणाऱ्याला पलटणीतला शिपाई वाटावा. खरे पलटणीचे कपडेही होतेच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी लष्करी जुने कोट मिळायचे. ज्याच्याकडं तो खाकी कोट तो माणूस भाग्यवान. पण कोट गुडघ्यापर्यंत, त्यामुळं खालची दोन बटणं कायम उघडी आणि गुडघे गार. कितीतरी जणांचे गुडघे चाळिशीतच बोलायला लागले.

स्वेटर आला तो बोनसमधून. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. बोनस दिवाळीच्या आधी मिळतो आणि दिवाळी संपली की थंडी उभी राहते, हा योग मोठा बरा जुळला. आधी पोरांना फटाके, घरच्या लक्ष्मीला लुगडं आणि उरलं तर स्वतःला स्वेटर. पुढं पुण्यात तिबेटी लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला बसू लागले. त्यांच्याकडचा लालभडक नाहीतर निळा स्वेटर घालून कोणी गावात आला की हा कंपनीत लागला हे न विचारता कळायचं. आई मात्र म्हणायची, स्वेटरच्या भोकांतून वारं सरळ आत जातं, वर सदरा घाल. तिचं बरोबर होतं. लोकर वारं अडवत नाही. स्वेटर दाखवायचा मोह सोडून तो सदऱ्याच्या आत घालायला पोरांना एक हिवाळा लागायचा.

या पेहरावात एक गोष्ट थंडीसाठी नव्हती. नाना पाठीवर पांढरा टॉवेल घालून त्याची टोकं पुढं बांधत. कारण सांगत ते असं: कानटोपीनं कान बंद, त्यात धुई, आणि अंगावर काळा-खाकी कपडा. मागचा ट्रक आपल्याला ऐकू येत नाही आणि आपण त्याला दिसत नाही. डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझतो, पांढरं कापड विझत नाही. नाशिक रस्त्यावर त्या वर्षांत पहाटेची माणसं गेली. आमच्या आसपासच्या गावांत हिवाळ्यात अशी बातमी आली नाही असं साल मला आठवत नाही. भोंगा चुकला तर अर्धा दिवस कापला जायचा, म्हणून धुईतही कोणी थांबत नसे.

नंतर लुना आली, एम-एटी आली, मग मोटारसायकली. जर्किन आलं, कागदाची चौघडी मात्र जर्किनच्या आतही गेली. आणि बघता बघता कारखानेच आमच्याकडं चालत आले. चाकण परिसरात बजाजचा कारखाना १९९९ साली उभा राहिला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आली. २०१० साली आमच्या निघोज्याच्याच शिवारात महिंद्रांचा कारखाना सुरू झाला. जिथं आम्ही घोंगडी पांघरून हरभरा राखला तिथं आता रात्रभर लाईट असते. जमिनी गेल्या, पैसे आले, माझ्यासकट पुष्कळांनी खोल्या बांधल्या. नाना थंडीत ज्या नोकरीसाठी पाय मारत होते, ती जमीन राखण्यासाठीच होती. शेतात भागत नव्हतं ते पगारातून भागवायचं आणि रान विकायचं नाही, हा त्यांचा हिशोब. तो पुढच्या पिढीत टिकला नाही. टिकायला हवा होता की नको, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

रविवारी सकाळी पिंपरी-चिंचवडकडून सायकलवाले येतात. हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, वारं अडवणारी पातळ जाकिटं, मागं लुकलुकणारा लाल दिवा. कोणी हसतं, मी हसत नाही. नीट पाहिलं तर आत घाम टिपणारा थर, मधे उबेचा, वर वाऱ्याचा. नानांचाच पेहराव आहे, फक्त महाग झालाय.

पण रोज पहाटे सायकल मारणारे आता दुसरेच आहेत. नांदेड, लातूर, बिहार, उत्तर प्रदेशाकडची पोरं. कंत्राटावर लागलेली. आधीच्या कुणाकडून तरी जुनी सायकल घेतात आणि पाळीला जातात. आम्ही गावातून बाहेर पाय मारत गेलो, ही गावात पाय मारत येतात. गेल्या पौषात माझ्या खोलीतला एक पोरगा काळं जर्किन आणि डोक्यावर त्याचीच टोपी ओढून निघाला होता. मी म्हटलं, "थांब रे जरा." कालचा पेपर दिला, छातीवर घालायला लावला. मग पांढरा टॉवेल त्याच्या पाठीवर टाकून गाठ मारली. तो म्हणाला, "काका, लोक हसतील." मी म्हटलं, "हसू दे. हसला म्हणजे त्याला तू दिसलास."

टॉवेल त्यानं चार दिवस बांधला, मग सोडला. मी सायकलच्या मागच्या मडगार्डावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून दिला, तो अजून आहे. या रस्त्यानं थंडीत पहाटे गाडी घेऊन जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुलाजवळ धुई असते तिथं वेग कमी करा आणि लाईट खाली घ्या. पुढं कोणीतरी कान बांधून सायकल मारत असेल. त्याला तुमचा हॉर्न ऐकू येणार नाही.