काळ्या मातीवरची गाडी आणि तिची उंची

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गाडी जमिनीपासून किती वर असावी, हे आधी मातीने ठरवले. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली इथली काळी, चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. मृगाचे दोन पाऊस पडले की पांदण रस्त्यावर चाकाला बसलेला चिखल सुटत नाही. चाकोरी खोल होत जाते आणि दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा उंचवटा उरतो. गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग त्या उंचवट्यावर टेकला की चाके जागच्या जागी फिरतात. जीपला उंची देताना आज जो प्रश्न पडतो तो हाच आहे, आणि मोटार येण्याच्या कितीतरी आधी या भागातल्या सुतार-लोहारांनी तो सोडवलेला होता.

लाकडी बैलगाडीला स्प्रिंग नसे. तिची सगळी उंची चाकात होती. चार-पाच फूट व्यासाच्या चाकामुळे आस जमिनीपासून दोन फुटांहून वर राही, म्हणून चाक चाकोरीत बरेच खोल गेले तरी गाडीचे पोट टेकत नसे. सुतार मधला तुंबा, आरे आणि कडेचे पुठ्ठे जुळवून चाक उभे करी. मग लोहाराचे काम सुरू होई. धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, चाकापेक्षा किंचित लहान मापाची करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. निवताना धाव आकसे आणि चाकाचे सगळे सांधे एकदम आवळले जात. अशा गाडीला जुंपण्यासाठी याच मुलखात देवणी आणि लाल कंधारी हे दोन गोवंश जोपासले गेले. त्यांची नावेही लातूरमधल्या देवणीवरून आणि नांदेडमधल्या कंधारवरून पडली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला जनावरांचा बाजार आणि सोळा रस्ते एकत्र येणारी लातूरची गंजगोलाई ही दोन्ही ठिकाणे या बैलगाडीच्या जगातलीच. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, तरी शेतापासून बाजारापर्यंतचा माल बैलगाडीच आणत राहिली.

पुढे रबरी टायरची गाडी आली. पक्क्या रस्त्यावर तिने बैलांचे ओझे हलके केले, पण लहान चाकामुळे आस खाली आला. उंची आणि सुखाचा प्रवास यांतली ही देवाणघेवाण नंतर मोटारीतही सुटली नाही.

पोलादी पाट्यांची चळत वापरून गाडीचे धक्के शोषण्याची युक्ती मुळात घोडागाड्यांची आहे. लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने १८०४ मध्ये घेतले. मराठवाड्यात मोटारीच्या पाट्यांची ओळख सार्वजनिक वाहतुकीने वाढवली. निजामाच्या सरकारी रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी आपली बससेवा सुरू केली. मात्र बस खडी घातलेला रस्ता सोडून जात नसे. पांदणीत उतरणारी पहिली मोटार म्हणजे जीप.

विलिस जीप १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी मोठ्या संख्येने तयार झाली. युद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. हा भाग ज्यात होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले. पुढे विकास गटांची, आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदांची व पंचायत समित्यांची यंत्रणा उभी राहिली. या काळात गावात येणारी जीप म्हणजे सरकार, असे समीकरणच झाले. चारही चाकांना जोर देणारी ही गाडी चिखलातून निघे, पण तिची एक मर्यादा होती. तिचा टायर ६.००-१६ मापाचा, म्हणजे अॅक्सलचा मध्य जमिनीपासून सव्वा फुटाच्याही आत. त्या अॅक्सलवर चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा लोंबकळतो आणि त्याच्याखाली जेमतेम आठेक इंच जागा उरते. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमधला उंचवटा आधी या गोळ्यालाच लागे.

उंची देण्याच्या साऱ्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. पाटे, पाट्याचे टोक चासीला जोडणारी शॅकल किंवा कॉइल स्प्रिंग यांपैकी काहीही बदलले तरी त्याने चासी आणि बॉडी वर जाते. गोळा जागचा हलत नाही. तो वर न्यायला मोठा टायरच लागतो. पाट्यांनी मिळालेली उंची ही त्या टायरला मडगार्डखाली फिरायला करून दिलेली जागा. म्हणून आधी टायरचे माप ठरवावे आणि त्याला लागेल तेवढीच उंची पाट्यांतून घ्यावी, हाच क्रम बरोबर. या भागातल्या ट्रॅक्टरकडे पाहिले तरी हे पटते. १३.६-२८ मापाच्या मागच्या टायरची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास भरते, मागच्या अॅक्सलला स्प्रिंग नसते, आणि भर पावसात पांदणीतून तोच बाहेर पडतो. जुन्या बैलगाडीचे माप तिथे परत आले आहे.

पाट्यांचे काम धंदा म्हणून वाढले ते काळी-पिवळी प्रवासी जीपमुळे. जिथे एसटी दिवसातून एखाददुसरी फेरी करी, तिथे महिंद्रच्या कमांडर आणि टेम्पो कंपनीच्या ट्रॅक्स प्रवासी वाहू लागल्या. यांपैकी बहुतेक गाड्यांना जोर फक्त मागच्या चाकांचा. आत समोरासमोर दाटीने बसलेली माणसे, टपावर पोती, मागच्या बंपरवर उभी पोरे. परवान्याच्या कितीतरी पट ओझ्याने पाटे सपाट होत. मग गॅरेजमध्ये निदान ठरलेले असे, ‘पाटा बसला’, आणि उपाय, ‘एक पाटा वाढवा’. इथे उंची हवी होती ती ओझे पेलण्यासाठी. हौसेने उंची वाढवणारी माणसे फार नंतरची.

पाटा निवडण्यात मिस्त्रीचे खरे कसब होते. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट. सारख्या जाडीच्या सहा पाट्यांत तसाच सातवा घातला तर ताठपणा साधारण एक षष्ठांशाने वाढतो. त्याच जागी ट्रकचा जाड पाटा कापून घातला, तर ओझ्याचा फार मोठा वाटा तो एकटा उचलतो, आणि चळत वाकताना सर्वाधिक ताणही त्याच्याच अंगात येतो. त्यामुळे पहिल्यांदा तुटतो तोच. जाणता कारागीर म्हणून जाडी जुळणारा पाटा शोधे आणि त्याची लांबी अशी ठेवी, की चळतीची पायरी बिघडू नये.

बसलेल्या पाट्याला पुन्हा गोलाई देण्याच्या दोन रीती चालत आल्या. थंड पाट्यावर ऐरणीवर सारखे, जवळजवळ घाव घालून गोलाई आणणे ही वेळखाऊ रीत. भट्टीत लाल करून वाकवणे सोपे, पण त्यात पोलादाचे पाणी उतरते. पुन्हा तेलात पाणी देऊन बेताने तापवले नाही, तर तो पाटा थोड्याच दिवसांत बसतो किंवा तुटतो. गॅसच्या ज्योतीने चळत एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे भोक पाडल्यावरही तेच होते. तुटलेले पाटे मात्र वाया जात नाहीत. लोहार त्यांचे विळे, कुऱ्हाडी आणि ऊसतोडणीचे कोयते करतात, कारण धार टिकवणारे पोलाद त्यांना याहून स्वस्त मिळत नाही.

जीपला आणखी उंची देण्याचे मार्ग विलिस घराण्याच्या रचनेतूनच निघाले. या गाड्यांत पाटे अॅक्सलच्या खालून जातात. ते अॅक्सलच्या वर घेतले की एका दमात चार-पाच इंच मिळतात. पण त्याबरोबर स्टिअरिंगचे रॉड, प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकचे होज आणि शॉकअॅब्सॉर्बरची लांबी यांचेही गणित नव्याने मांडावे लागते. शाफ्टचा कोन तसाच सोडला की त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात. लांब शॅकल हा स्वस्त उपाय. शॅकल दोन इंचांनी वाढवली तर गाडी एकाच इंचाने उठते, शिवाय अॅक्सल किंचित फिरून स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. अॅक्सल आणि पाटा यांच्यात लोखंडी ठोकळा घालणे मागे चालते. पुढे ते धोक्याचे, कारण ब्रेक दाबताना तो ठोकळा पिळला जातो.

महिंद्रची थार २०१० मध्ये आली तेव्हा पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. ऑक्टोबर २०२० च्या थारमध्ये चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आले आणि जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर झाली. यात एक पाटा वाढवून भागत नाही. तयार किट मागवावे लागते, किंवा कॉइलवर स्पेसर घालावा लागतो. पुढची चाके स्वतंत्र असल्यामुळे त्यांना जोर पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन मर्यादा घालतो आणि दीड-दोन इंचांपुढे जाणे शहाणपणाचे राहत नाही. गरजही बदलली आहे. डिसेंबर २००० पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावे पक्क्या रस्त्यांना जोडली. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या वाटेवरून राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो. पांदणींसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. उंच गाडी ज्याला खरोखर लागते असा शेतकरी आता थोडा. हौसेने उंची घेणारा तरुण अधिक.

त्या हौसेला कायद्याची हद्द आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. लातूरची एमएच-२४ असो की नांदेडची एमएच-२६, झिजलेल्या पाट्यांच्या जागी कंपनीच्याच मापाचे पाटे बसवणे ही दुरुस्ती ठरते. पाटे अॅक्सलवर घेऊन गाडी चार इंच उचलणे हा रचनेतला बदल, आणि परिवहन कार्यालयाच्या तपासणीत आणि अपघातानंतरच्या विमा दाव्यात तो मालकाला अडचणीचा ठरू शकतो.