देवमाशांची दोन नंबरची वही

आधी एक कबुली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रिलीजच्या आदल्या रात्री, मी टेस्ट शीटवर चाळीस ओळींपुढे 'पास' लिहून टाकलं होतं. त्यातल्या पंचवीसेक टेस्ट मी चालवल्याच नव्हत्या. पकडलं जायची भीती नव्हती, कारण तपासणाराही मीच होतो! पुढे व्हायचं ते झालंच, ते शेवटी सांगतो. आत्ता आठवायचं कारण असं की गेले दोन-तीन वीकेंड मी देवमाशांच्या शिकारीचा इतिहास वाचतोय, आणि त्यात मला माझीच टेस्ट शीट सापडली. फक्त जरा मोठी.

डिसेंबर १९४६ मध्ये वॉशिंग्टनला देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. इंटरनॅशनल व्हेलिंग कमिशन त्यातूनच जन्माला आलं. अंटार्क्टिक समुद्रासाठी हंगामाला १६,००० 'निळा देवमासा एकक' असा कोटा होता. एकक म्हणजे काय, तर एक निळा देवमासा बरोबर दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई. म्हणजे बघा, हिशोब जातींचा नव्हता, तेलाचा होता. कुठली जात किती उरली आहे याच्याशी कोट्याचा संबंधच नाही.

पण ही झाली डिझाइनमधली चूक. खरी गोम पुढे आहे. प्रत्येक कारखाना-जहाजावर निरीक्षक असायचे, पण ते नेमायचं त्या त्या देशाच्या सरकारनेच, पगारही त्यानेच द्यायचा. नियम मोडला तर शिक्षा करणारंही तेच सरकार. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं व्हॅलिडेशन क्लायंटच्या बाजूला, सर्व्हरवर शून्य! आणि कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे?

सोव्हिएत जहाजांनी नेमकं तेच केलं. महायुद्धानंतर १९७३ पर्यंत दक्षिण गोलार्धात आपण २,७१० हंपबॅक मारले, असं त्यांनी कमिशनला कळवलं. खरा आकडा होता ४८,००० च्या वर. कशासाठी? टार्गेटसाठी. योजनेत ठरलेलं उत्पादन भरलं की बोनस, जास्त भरलं की जास्त बोनस. अप्रेझलच्या महिन्यात आपण जे अनुभवतो ना, तेच.

यातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग ऑस्ट्रेलियाचा आहे. १९५९ ते १९६१ या दोन हंगामांत सोव्हिएत जहाजांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दक्षिणेला सुमारे २५,००० हंपबॅक मारले. १९६२ मध्ये क्वीन्सलंडमधलं टँगालूमाचं शिकार केंद्र बंद पडलं, कारण देवमासेच येईनात. कमिशनचे शास्त्रज्ञ चक्रावले. कळवलेल्या शिकारीवरून ही घट समजण्यासारखी नव्हती. समजणार कशी? इनपुटच खोटा होता. १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली, तोवर मारायला फारसं काही उरलंच नव्हतं.

आणि हे सगळं लांब कुठेतरी घडलं असं समजू नका. नोव्हेंबर १९६६ मध्ये हीच जहाजं आपल्या अरबी समुद्रात होती. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यासमोर त्यांनी २३८ हंपबॅक मारले. इथले हंपबॅक इतरांसारखे थंड समुद्राकडे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर इथेच राहतात. त्यामुळे बाहेरून येऊन भर घालणारं कुणी नाही. आजही ओमानकडच्या हंपबॅकची संख्या शंभराच्या आतच धरली जाते. २३८ मधून ती कधी भरून निघणार, तुम्हीच सांगा.

मग हे उघडकीला कसं आलं? जहाजांवरच्या शास्त्रज्ञांमुळे. त्यांच्याकडे खऱ्या नोंदी होत्या. म्हणजे दोन नंबरची वही, पण उलटी: एक नंबरची खोटी आणि दोन नंबरची खरी! दिमित्री तोर्मोसोव या शास्त्रज्ञाने हजारो देवमाशांच्या मूळ नोंदी चक्क बटाटे ठेवायच्या तळघरात जपून ठेवल्या होत्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव यांनी हे जगासमोर मांडलं.

कायदा दरम्यान सुधारला होता. १९७२ मध्ये ते एकक रद्द झालं, आणि एका देशाच्या जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक, ही कितीतरी वर्षं रखडलेली योजनाही सुरू झाली. चोरी आटोक्यात आली ती यानंतर. १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकार थांबवायचा ठराव झाला, तो १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाला. आता याला पळवाटा आहेतच. नॉर्वेने हरकत नोंदवून शिकार चालू ठेवली, जपान २०१९ मध्ये कमिशनमधूनच बाहेर पडला. पण मला विचाराल तर 'आम्ही नियम मानत नाही' असं तोंडावर सांगणारा परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं. 'पास' लिहून गप्प बसणाऱ्याशी कसं भांडणार?

माझ्या त्या रिलीजचं काय झालं? सोमवारी सकाळी सिस्टम कोसळली, आणि माझा सीनियर दोन दिवस चुकीच्या जागी बग शोधत बसला. कारण खरा बग होता त्या मॉड्यूलसमोर मी 'पास' लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "अरे, आधी सांगितलं असतंस तर?" त्यानंतर आमच्या टीममध्ये स्वतःच्या कोडची टेस्ट दुसऱ्याने चालवायची, असा नियम झाला.

असो. २०१७ मध्ये ओमानजवळ सॅटेलाइट टॅग लावलेली 'लुबान' नावाची हंपबॅक मादी अरबी समुद्र ओलांडून पार भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन गेली. पुढच्या वेळी किनाऱ्यावर बसून भेळ खाताना समोर जरा लांबवर बघा. दिसणार काहीच नाही म्हणा, पण १९६६ च्या त्या वहीतून सुटलेल्यांची एखादी नात-पणती तिथे असेलही.